अर्ध्या ओठांची हाक

बडोद्याच्या खंडेराव मार्केटात मेथीच्या ढिगापाशी उभं राहून मी शिट्टी वाजवायला गेलो आणि नुसती हवा आली. ओठांचा चंबू केला होता, जीभ खालच्या दातांना टेकवली होती, बेचाळीस वर्षांत जे करताना कधी विचार म्हणून करावा लागला नव्हता ते सगळं जागच्या जागी होतं, तरी डाव्या कोपऱ्यातून फुस्स झालं आणि हनुवटीवर थुंकी उडाली. रविवारची सकाळ, मार्केटात पाय ठेवायला जागा नाही, आणि बायको लिंबं बघायला म्हणून जी पुढे गेली ती कुठे दिसेना. मी पुन्हा ओठ जुळवले. पुन्हा हवा. समोरची भाजीवाली टक लावून बघत होती. म्हातारा भरबाजारात शिट्ट्या मारतोय म्हणून बघत असेल असं मला वाटलं, तर ती हातातली जुडी खाली ठेवून म्हणाली, "काका, तमारुं मोढुं वांकुं थई गयुं छे." भाव ऐकून मी तोंड वाकडं केलं अशी हिची समजूत झाली, म्हणून मी म्हटलं, "ना बेन, भाव बराबर छे," आणि त्यातला एकही ब मला धड म्हणता आला नाही. सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या बाजूनं गंजीवर सांडलं होतं, चहाही ओघळला होता, आणि मी कपाला दोष देऊन मोकळा झालो होतो. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मी तसाच उभा राहिलो. तिला हाक मारायची तर काय म्हणून मारायची, हेच मला सुचेना. शेवटी तीच लिंबं घेऊन परत आली, आणि माझ्याकडे बघताच तिच्या तोंडचं पाणी पळालं.

डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालायला सांगितल्या, डोळे मिटा म्हणाले, दात दाखवा, गाल फुगवा, शिट्टी वाजवा. आठ्या अर्ध्याच कपाळावर पडल्या. त्यावरून त्यांनी निदान केलं की हा पक्षाघात नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे. दहा दिवस गोळ्या, डोळ्यात थेंब, झोपताना डाव्या पापणीवर चिकटपट्टी, आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप ताळ्यावर येतं. मी वाघोडियाला एका केमिकल प्लँटमध्ये तेहतीस वर्षं इन्स्ट्रुमेंट फोरमन होतो. कंट्रोल रूममधून सिग्नल निघतो आणि व्हॉल्व्ह उघडत नाही, हे दुखणं मला तोंडपाठ आहे. व्हॉल्व्ह चांगला असतो, मधली लाइन चोंदलेली असते. तेव्हा मी काही घाबरलो नाही, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. पुण्याला मुलाला फोनवर तेच सांगितलं. सौमित्र मागे वळून ओरडला, "शर्वरी, ए शर्वरी, बाबांना व्हिडिओवर बघ गं." बायकोचं नाव तो दिवसातून शंभरदा घेतो, चावी सापडत नाही म्हणून घेतो, सापडली म्हणून घेतो. मी व्हिडिओ बंद करून टाकला. खरं सांगायचं तर मी चांगलाच घाबरलो होतो. चेहऱ्याचं मला काही नव्हतं, तो आधीही कुणी मुद्दाम बघायला येत नव्हतं. पण त्या तोंडातली शिट्टी गेली तर बायकोला बोलवायला माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

हे ऐकून कुणाला हसू येईल, पण आमच्या माने घराण्यात बायकोला नावानं हाक मारायची पद्धत नाही. आजोबा संस्थानच्या घोडदळात होते. त्यांच्या घोड्याचं नाव आम्हा सगळ्या नातवंडांना अजून ठाऊक आहे. आजीचं नाव मला तिच्या दहाव्याला भटजींनी विचारलं तेव्हा कळलं. वडील, धनाजीराव, आईला "ऐकलं का" म्हणायचे, तेही भिंतीकडे बघून. माझं लग्न झालं तेव्हा आम्ही दांडिया बाजारात वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो, आणि आई, रखमाबाई, खाली जिन्याच्या तोंडाशी पाट टाकून बसायची. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीनं मी बायकोचं नवं नाव लिहिलं, प्रेमला. नाव मीच निवडलं होतं. माहेरची ती शालिनी. जोडाक्षर काढताना तांदूळ सरकले आणि तिनं हळूच बोटानं सारखे केले, एवढंच मला त्या दिवसाचं नीट आठवतं. तिसऱ्या आठवड्यात मी जिन्यावरून नुसतं "प्रे" म्हटलं असेन नसेन, तर आई म्हणाली, "तुझ्या आजोबांनी घोड्याला नावानं हाक मारली, बायकोला नाही." झालं. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमधून कोपऱ्यावर उतरलो आणि खालून शिट्टी वाजवली. दोन सूर, आधी खालचा, मग वरचा. वर खिडकी उघडली. आईला त्यात काही गैर दिसलं नाही, गल्लीत पोरं शिट्ट्या मारतातच. तेव्हापासून ती शिट्टी म्हणजे मी आलो, चहा टाक, छत्री खाली फेक, आटप लवकर, सगळं काही. आणि प्रेमला हे नाव रेशनकार्डावर गेलं, आधारकार्डावर गेलं, माणसाच्या तोंडी म्हणून कधी आलं नाही. आई तिला सूनबाई म्हणायची, माहेरी ती शालू, सोसायटीत मानेकाकी. ज्या नावानं तिला एकटा मीच बोलावू शकत होतो, त्या नावानं मी कधी बोलावलं नाही. आई जाऊन अकरा वर्षं झाली, आम्ही हरणीला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, जिन्याच्या तोंडाशी आता कुणी बसत नव्हतं, पण सवयीला सासू लागत नाही. फार पूर्वी एकदा तिनं म्हटलंही होतं, "एकदा नावानं हाक मारा की, बघू तरी कसं वाटतं ते." मी "बघू" म्हटलं आणि पेपर वर धरला.

गोळ्या संपल्या, तीन आठवडे झाले, तोंड जिथल्या तिथं. दूध घेऊन खाली उभा राहिलो की मी तिला मिस कॉल द्यायला लागलो. दुसऱ्याच दिवशी ती गॅलरीतून म्हणाली, "हे काय, लोनवाल्यासारखं? फोन वाजला की छातीत धस्स होतं माझ्या." मग मी खांबावर किल्ली आपटून पाहिली, तर वॉचमन धावत आला. वर गेलो तर ती गॅलरीचा कठडा धरून अजून तिथंच उभी होती. तिच्या त्या उभं राहण्याकडे बघून मला एकदम दांडिया बाजारातली खिडकी आठवली. प्लँटमध्ये एकदा क्लोरीनची लाइन फुटली होती, त्या दिवसाची. गावभर बातमी गेली होती, आम्हाला दुपारी सोडायच्या ऐवजी संध्याकाळी सोडलं, डोळे चुरचुरत होते, शर्टाला वास होता. कोपऱ्यावर येऊन मी शिट्टी घातली, तर खालचा सूर पुरता व्हायच्या आत खिडकी उघडली. म्हणजे ती खिडकीशी हात ठेवूनच उभी होती, किती वेळ कोण जाणे. वर गेल्यावर म्हणाली, "चहा टाकते." चहा टाकताना तिनं साखर भांड्याऐवजी ओट्यावर ओतली. तिचं नाव त्या वेळी माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी बशी पुढे केली आणि चहा प्यालो.

अॅक्युपंक्चरचं तिनंच काढलं. सरळ सांगितलं असतं तर मी गेलो नसतो हे तिला माहीत होतं, म्हणून म्हणाली, "माझ्या गुडघ्यांसाठी जायचंय, एकटीनं फावायचं नाही, तुम्ही चला सोबत." हरणीतच, एका कॉम्प्लेक्समध्ये ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यावर, देवश्री दिघे नावाची मुलगी हे करते. मुलगी म्हणजे असेल चाळिशीची. घरी मराठी, पेशंटांशी गुजराती, आणि आपण बडोदेकर असल्यामुळे मराठी माणसंही तिला देवश्रीबेनच म्हणतात. मला वाटलं होतं की अगरबत्त्यांचा धूर असेल आणि भिंतीवर ड्रॅगन असेल. तसलं काही नव्हतं. बाहेर बाकावर एक कॉलेजातली मुलगी अर्धशिशीसाठी बसली होती, एका ट्रान्सपोर्टवाल्याची कंबर धरलेली होती, आणि डोक्याला स्कार्फ बांधलेल्या एक बाई होत्या, त्यांची केमो चालू होती. दवाखान्यातली औषधं घेऊनही उमासे यायचे, ते इथं मनगटाच्या वर तीन बोटांवर सुई घेतली की कमी होतात, असं त्या माझ्या बायकोला सांगत होत्या, आणि बायको आपल्या मनगटावर तीन बोटं मोजून बघत होती. ट्रान्सपोर्टवाल्यानं आत जाता जाता विचारलं की डायबिटीसच्या गोळ्या आता बंद करू का, तर आतून आवाज आला, "नाव काढू नका. गोळी चालूच राहणार." तिथं माझं मत जरा बदललं. माझी पाळी आल्यावर ती म्हणाली, "काका, मी खोटं बोलणार नाही. तुमचं दुखणं बऱ्याच जणांचं आपोआपही बरं होतं. सुयांनी काहींना लवकर उतार पडलेला मी पाहिलाय. पण तुमच्यात सुईनं झालं की आपसूक झालं, हे मी शपथेवर नाही सांगू शकत." प्लँटमध्ये मी असा माणूस शोधत असायचो. छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ असतात. मीटर बघून सांगतो म्हणणारा एखादाच.

केसाएवढ्या बारीक सुया. एक कानाच्या मागच्या खळग्यात, एक गालाच्या हाडाखाली, एक डाव्या ओठाच्या कोपऱ्याशी, आणि एक उजव्या हाताच्या अंगठ्याच्या बेचक्यात. "तोंडाचं दुखणं आणि सुई हाताला?" मी विचारलं. ती म्हणाली, "हाताची आणि तोंडाची वाट एकच, असं हे शास्त्र मानतं." हे मला पटायला वेळ लागला नाही, टाकीचा व्हॉल्व्ह आम्हीही टाकीवर चढून उघडत नसू. तिनं सुई किंचित फिरवली आणि विचारलं, "आलं का?" मी म्हटलं, "काय यायचंय?" ती म्हणाली, "आलं की कळेल." आणि आलंच. दुखलं नाही. जड काहीतरी बेचक्यातून मनगटाकडे सरकलं, पायाला मुंग्या येऊन गेल्यावर जसा पाय आपला वाटायला लागतो तसं. मग ती पडदा ओढून पलीकडे बायकोच्या गुडघ्यांकडे गेली, आणि मी वीस मिनिटं तोंड न हलवता पडून राहिलो. दिवसाउजेडी, जागेपणी, काही न करता मी एवढा वेळ कधी पडलो होतो? वर पंखा फिरत होता, विमानतळाकडून एक विमान इतकं खालून गेलं की खिडकीची काच थरथरली. पडद्यापलीकडे बायको होती. तिच्या श्वासाचा आवाज मला वेगळा ओळखू येत होता, चार खाटांवरच्या चार श्वासांतून. तिचा नाकपुडीतला तो बारीक आवाज बेचाळीस वर्षं माझ्या उशाशी आहे, आणि कान देऊन मी तो पहिल्यांदाच ऐकला.

तिसऱ्या खेपेला तो प्रकार झाला. सुया लावून देवश्रीबेन बाहेरच्या खोलीत कुणाशी तरी बोलत होती. पडद्यापलीकडून आवाज आला, "अहो." मी कान टवकारले. "अहो, मला कसंतरीच होतंय." आणि मग काहीच नाही. तो नाकातला श्वासही मला ऐकू येईना. मी म्हटलं, "अगं." काही नाही. "अगं, ऐकलंस का?" तर तिसऱ्या खाटेवरच्या बाई झोपेतून म्हणाल्या, "मला म्हणालात?" ओठाच्या कोपऱ्यात सुई होती, तोंड अर्धं मेलेलं होतं, शिट्टी नव्हती. काहीतरी हाक मारायला हवी होती, जी फक्त तिलाच पोचेल, आणि तशी हाक जगात एकच होती. मी ओरडलो, "फ्रेमला!" प धरायला डावा ओठ वर आलाच नाही, त्याचा फ झाला, सुई टोचली, गालावरून काहीतरी ओघळलं. मी आणखी एकदा ओरडलो. देवश्रीबेन धावत आली, बायकोच्या सुया सटासट काढल्या, पाय उशीवर उंच केले, ग्लुकोजचं पाणी पाजलं. तोवर मीही तोंडावर सुया तशाच ठेवून पडद्याशी उभा. बायकोच्या कपाळावर घाम डवरला होता, पण डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडे लागले होते. "होतं कधी कधी," देवश्रीबेन म्हणाली. "काकी, काही खाऊन नव्हता आलात?" बायको म्हणाली, "आज संकष्टी ना." "अहो मग सांगायचं नाही का? रिकाम्या पोटी सुया घ्यायच्या नसतात." त्यावर आमची म्हणते, "उपासाचं काय सांगायचं असतं?"

रिक्षा निघाली. मी तिचा हात धरला होता, म्हणजे तिला चक्कर येऊ नये म्हणून धरला होता. अर्ध्या वाटेत ती म्हणाली, "मघाशी काय म्हणालात तुम्ही?" मी म्हटलं, "कधी?" "पडद्याआडून." टाळता येण्यासारखं नव्हतं. मी रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत म्हटलं, "फ्रेमला." ती बाहेर बघायला लागली. मग म्हणाली, "फ्रेम काय? जिवंतपणीच भिंतीवर लावता का मला?" आणि हसायला लागली. हसता हसता पदर डोळ्यांना लावला, रिक्षावाला आरशातून बघायला लागला, तरी तिचं थांबेना. मलाही हसू आलं, पण ते अर्ध्याच तोंडाला आलं, आणि ते बघून ती आणखी हसली.

त्यानंतर मी तिला नावानंच हाक मारायला लागलो. कुणी विचारलं असतं तर उत्तर तयार होतं, शिट्टी वाजत नाही, काय करणार, दुखणं आहे. दुखण्याच्या आडून सगळं चालतं. आजारी माणसानं डाळ खाल्ली नाही तरी कुणी बोलत नाही आणि बायकोचं नाव घेतलं तरी कुणी बोलत नाही. खालून दूधवाल्यासमोर मी "फ्रेमला" म्हणायचो, ती गॅलरीत यायची आणि "हं" म्हणायची. हा "हं" मी आधी कधी ऐकला नव्हता. त्यात काही काम नव्हतं, चहा नव्हता, छत्री नव्हती. एकदा मला वाटलं, एवढी यातायात कशाला, शालिनी या नावात ओठ लागतच नाहीत, ते मला सरळ म्हणता येतं. म्हणून मी स्वच्छ म्हटलं, "शालिनी." ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "ते माझ्या वडलांनी ठेवलेलं," म्हणाली. "तुम्ही ठेवलंत ते घ्या. मोडकं असलं तरी चालेल मला." देवश्रीबेननं आरशासमोर करायचा व्यायाम दिला होता, तर ही मागे उभी राहून माझ्याकडून पापड, पोपट, पेरू असं घोकून घ्यायची आणि शेवटी स्वतःचं नाव. दुपारी पडायच्या आधी ती माझ्या पापणीवर पट्टी लावायची, अंगठ्यानं दोन्हीकडे दाबायची, आणि पट्टी बसल्यावरही अंगठा थोडा वेळ तिथंच ठेवायची. आठवड्यातून तीनदा आम्ही जोडीनं सुया घ्यायला जायचो, ती आता घरून उपमा खाऊन निघायची. तिचे गुडघे सकाळचे धरायचे थांबले. तिला झोप लागायला लागली. मला स्वतःला आपण बरं व्हावं की नाही याची शंका यायला लागली, आणि त्या शंकेची लाजही वाटायला लागली.

एका मंगळवारी सकाळी, दाढी करून तोंड धुताना, न्हाणीत ओठ आपोआप जुळले आणि सूर आला. आधी खालचा. बारीक होता, पण होता. मग वरचा. आरशात बघितलं, तर डावा गाल उजव्याच्या बरोबरीनं आत गेलेला. मला इतका आनंद झाला की मी नळ सोडून तसाच उभा राहिलो. आता काय? मेजावर औषध नाही, डोळ्यावर पट्टी नाही, मग नाव घ्यायला निमित्त कुठलं? आईचा आवाज अजून माझ्या डोक्यात जिन्याच्या तोंडाशी बसलेला. दुखण्यामुळे नाव घेणं मला जमत होतं. ती मला आवडते म्हणून घेणं या वयात जमेल का, याची मला खात्री नव्हती. माणूस सहासष्टाव्या वर्षीही किती भित्रा असू शकतो हे मला त्या न्हाणीत कळलं. मी नळ बंद केला, टॉवेलनं तोंड पुसलं, डावा ओठ मुद्दाम ढिला सोडला आणि बाहेर येऊन म्हटलं, "फ्रेमला, पोहे झाले का?" मिक्सरशी पाठमोरी उभी असलेली ती "हं" म्हणाली. पुढचे तीन दिवस मी हेच सोंग आणलं. चूळ भरताना थोडं पाणी मुद्दाम सांडलं. चोराच्या मनात चांदणं. तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं तरी मला वाटायचं, हिला कळलं.

शुक्रवारी देवश्रीबेननं तपासलं. बायको शेजारच्या स्टुलावर बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. "कपाळाला आठ्या घाला, काका. छान. डोळे मिटा. दात दाखवा. गाल फुगवा." तिनं फुगवलेल्या गालावर बोट दाबून बघितलं, हवा कुठून निसटली नाही. "वा. आता शिट्टी." मी ओठ जुळवले आणि आयत्या वेळी डावा कोपरा सैल सोडला. फुस्स झालं. तिनं भुवया आक्रसल्या. "असं कसं? गाल धरतोय म्हणजे शिट्टी यायला पाहिजे. परत करा बघू." मी परत केलं आणि परत फुस्स. घाम फुटायचा बाकी होता. तेवढ्यात बायको म्हणाली, "राहू दे, बेन. नाही येत त्यांना. उगीच माथाकूट नको." इतक्या ठामपणे म्हणाली की देवश्रीबेननं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि हातातला कागद खाली ठेवला. "बरं," ती म्हणाली. "शिट्टीशिवाय कुणाचं अडत नाही. बाकी सगळं आलंय, आता यायला नको. काकी, तुमचे गुडघे महिन्यानं एकदा दाखवा."

आम्ही बाहेर जिन्यावर आलो. ती पुढे, मी मागे. पहिल्या वळणावर, मागे न बघता ती म्हणाली, "मंगळवारी न्हाणीत वाजवलीत, ती मी ऐकली. मिक्सर चालू होता तरी."

माझे पाय जागीच थांबले. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

याचं उत्तर जिन्यात सांगण्यासारखं नव्हतं. ती कठड्यावर हात ठेवून जराशी थांबली. "मला वाटलं, बरे झालात की परत शिट्टीवर जाल," ती म्हणाली. "म्हणून मीही म्हटलं, चार दिवस राहू दे. तेवढंच." आणि खाली उतरायला लागली, एकेका पायरीवर दोन्ही पाय न टेकवता, सरळ. बेचाळीस वर्षांनी या बाईला चार दिवस पुरत होते, आणि तेही ती चोरून घेत होती. मला स्वतःचा राग आला, आईचा आला, आजोबांचा आणि त्यांच्या घोड्याचाही आला. तेवढ्यात खालचा ट्यूशन क्लास सुटला आणि मुलामुलींचा लोंढा जिन्यात आला. त्यांच्या मधून मला तिचे पाय दिसले. घाईघाईत ती कुणाच्या तरी सोनेरी पट्ट्याच्या चपला घालून निघाली होती, तिच्या स्वतःच्या चॉकलेटी चपला वर दाराशीच राहिल्या होत्या. ती अर्धा मजला खाली पोचली होती, आणखी एक मजला उतरली की रस्ता. माझे ओठ सवयीनं पुढे आले, दोन्हीकडून सारखे आले, शिट्टी अगदी तयार होती. मी ती सोडून दिली. ओठ मिटले, डावा उजव्यासारखाच घट्ट मिटला, आणि मी सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "प्रेमला!"

मुलं मान वर करून बघायला लागली. ती थांबली. पाठमोरीच उभी राहिली, हात कठड्यावर.

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली.

"प्रेमला," मी म्हटलं. "वर ये. चपला दुसऱ्या कुणाच्या घातल्यास तू."

"चपलांचं राहू द्या," ती म्हणाली. "नाव घ्या."

मी त्या मुलांमधून वाट काढत तिच्यापर्यंत उतरलो आणि घेतलं.